संशोधनाच्या अनेक वाटा

संशोधन हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. तो कानावर पडला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढरा अंगरखा, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्र उभे राहते. जुन्या पोथ्यांची पाने ताडून पाहणारा, जात्यावरच्या ओव्या उतरून घेणारा किंवा शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या कर्जाचा हिशेब मांडणारा मनुष्यही संशोधकच असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आणि आले, तरी मनात एक शंका उरतेच : या दुसऱ्या प्रकारच्या उद्योगाचा समाजाला उपयोग काय? ज्याअर्थी हे काम बऱ्याच अंशी सार्वजनिक पैशावर चालते, त्याअर्थी ही शंका विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. तिचे उत्तर मात्र घाईने देता येत नाही. त्याकरिता संशोधनाचे प्रकार किती, त्यांच्या रीती कोणत्या आणि त्यांपैकी प्रत्येकाचा पुरावा कशाला म्हणावयाचे, हे आधी पाहिले पाहिजे.

शब्दापासूनच आरंभ करू. संशोधन हा शब्द ‘शुध्’ या संस्कृत धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ शुद्ध होणे. मराठीत आपण शोधणे म्हणजे हुडकणे असे समजतो. हे दोन्ही अर्थ संशोधनात एकत्र नांदतात. नवे हुडकून काढावयाचे, आणि हाती आलेले पाखडून, निवडून, त्यातील खडे बाजूला सारावयाचे. पहिले काम पुष्कळांना जमते. दुसरे जो करीत नाही, त्याला संग्राहक म्हणता येईल. संशोधक म्हणता येणार नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आपण एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. गावी पिंगळेश्वराचे देऊळ आहे आणि जुनी दगडी बारव आहे. शिवार काळ्या मातीचे. या एकाच बारवेच्या काठावर चार विद्वान उभे केले, तर ते चार निरनिराळे प्रश्न विचारतील. भूशास्त्रज्ञ विचारील, येथे पाणी कोणत्या थरातून पाझरते? स्थापत्याचा अभ्यासक विचारील, चुन्यावाचून बसविलेला दगड इतकी शतके कसा टिकतो? इतिहासकार विचारील, ही कोणी बांधविली आणि खर्च कोठून झाला? समाजशास्त्रज्ञ विचारील, या पायऱ्यांवर कोणाला उतरू दिले जात होते आणि कोणाला नाही? चारही प्रश्न खरे आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उपकरणाने मिळत नाही. संशोधनाच्या विविधतेचे मूळ येथे आहे.

आता प्रत्येक वाटेने थोडे चालून पाहू. पहिली वाट प्रयोगाची. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. भेंडीच्या पिकावर पडणारा केवडा रोग शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे पांढुरकी होतात, आणि पांढरी माशी हा रोग झाडाझाडांवर पोहोचविते. जांभळे आणि नेरकर या परभणीच्या दोन संशोधकांनी पुसा सावनी या प्रचलित भेंडीचा संकर तिच्या एका रानटी जातभाईशी केला. रोगाला दाद न देण्याचा गुण रानटी जातीत होता. पण संकरातून झालेली झाडे पुरेसे बी धरीनात. मग त्यांचा पुन्हा भेंडीशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत ‘परभणी क्रांती’ हे वाण सिद्ध झाले. त्याचे वृत्त १९८६ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे पुरावा शेतातच उभा असतो. दोन वाफे शेजारी लावावे आणि कोणीही पाहून घ्यावे. पुढे अनेक ठिकाणी हे वाणही रोगाला बळी पडू लागले, कारण रोगाचे विषाणू काही स्वस्थ बसत नाहीत. तेव्हा या वाटेवर शेवटचा मुक्काम नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मनुष्याच्या बाबतीत प्रयोग इतका सोपा नसतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय व राणी बंग यांनी नवजात बालकांचे मृत्यू थोपविण्याचा यत्न केला, तेव्हा ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरच्या घरी शुश्रूषा सुरू केली आणि तुलनेकरिता दुसऱ्या ४७ गावांची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे २५ अर्भके पहिल्या महिन्यात दगावली. दुसऱ्या गावांत सुमारे ६०. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. तुलनेची गावे नसती, तर कोणीही म्हणू शकला असता की, ते वर्षच चांगले होते. पाखडणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरी वाट याहून अगदी निराळी. तिला शेत नको, रुग्ण नको, यंत्रही नको. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक गंमत लोकांपुढे मांडली. चारही आकडे एकसारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. १९४७ ही संख्या घेतली, तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि अखेर ६१७४. येथे पोहोचल्यावर कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येत राहते. आणि सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. गणितात शंभर उदाहरणे जुळली एवढ्याने भागत नाही. एकही संख्या सुटत नाही असे दाखवावे लागते. पण एकदा दाखविले की ते परभणीत खरे आणि पॅरिसातही खरे, आज खरे आणि हजार वर्षांनीही खरे. अशी निश्चिती दुसऱ्या कोणत्याही शास्त्राच्या वाट्याला आलेली नाही.

चौथी वाट ग्रंथांची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले; ते १९६६ साली पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली. काश्मिरातील शारदा लिपीपासून केरळातील मल्याळम लिपीपर्यंत नाना लिप्यांतील पोथ्या श्लोकागणिक ताडल्या गेल्या. या कार्याचे धुरीण डॉक्टर वि. सी. सुखठणकर हे केंब्रिजला गणित शिकलेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. यातील तर्क असा : दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या बहुधा एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असाव्यात, आणि ज्यांचा एकमेकींशी संबंध आला नाही अशा दूरदूरच्या पोथ्या एखाद्या पाठावर एकमत झाल्या, तर तो पाठ जुना मानावा. वनस्पतींची कुळे लावणारा शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतो? ज्यांना वाङ्मयाचा अभ्यास म्हणजे रसिकांचा विरंगुळा वाटतो, त्यांनी या आवृत्तीच्या एखाद्या पानाखालील पाठभेद पाहावे.

एका वाटेवर सापडलेली वस्तू दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडते, असेही वारंवार घडते. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रकाशात आणला. तो साधारण १२०७ सालचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरिता मठ स्थापिला, असे त्यात म्हटले आहे. अखेरीस मठाला मिळावयाच्या उत्पन्नाची नोंद मराठीत आहे. एकच दगड, पण गणिताच्या इतिहासकाराला त्यात आचार्यांची वंशावळ मिळाली, भाषेच्या अभ्यासकाला तेराव्या शतकातील मराठी मिळाली आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्या काळचे कर मिळाले.

पाचवी वाट जिवंत माणसांची. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हेरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती चढले, याचा हिशेब त्यांनी मांडला. बहुसंख्य कुटुंबांचे नुसत्या शेतीवर भागत नाही, हे आकड्यांनी दाखविले. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे. मॅन यांनी तेव्हा विचारले नसते, तर आता विचारावयास ते खेडेच उरलेले नाही.

हीच गोष्ट ओव्यांची. गी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लक्षाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यासाठी पिंगळीपासून फार दूर नसलेल्या ताडकळस येथेही १९९६ साली ध्वनिमुद्रण झाले. ज्या स्त्रियांनी आपले दुःख कधी कागदावर उतरविले नाही, त्यांची साक्ष येथे आहे. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि दळताना गाणे थांबले. गिरणीने बायकांचे कष्ट वाचविले, त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही; परंतु गाणाऱ्या आजीबाई गेल्या म्हणजे ओवी पुन्हा सापडत नाही. भेंडीचा प्रयोग यंदा फसला तर पुढच्या हंगामात करता येतो. येथे पुढचा हंगाम नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सारे मान्य. पण पैसा थोडा असेल तर आधी पोटापाण्याचे संशोधन करावे. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र संकट आले म्हणजे ते विषयांची वाटणी पाहून येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, किल्लारीला, धरणी हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे असे होत नाही, हा तोपर्यंतचा सर्वसाधारण समज होता. नंतर भूशास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपली काळी माती त्याचीच झीज होय. भूशास्त्राने सांगितले की जमीन का हलली. पण माणसे जमिनीने मारली नाहीत, घरांनी मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचा मातीचा भार, हे मृत्यूचे कारण अभियंत्यांनी उलगडले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावयाची ठरली, तेव्हा प्रश्न निराळेच उभे राहिले. जुन्या गल्लीत शेजारी कोण होते? गुरे कोठे बांधावयाची? देऊळ, पार आणि पाणवठा यांच्याभोवती गाव कसे गुंफलेले असते? हे प्रश्न सिमेंटच्या हिशेबाने सुटत नाहीत. त्यांची उत्तरे खेड्याचा अभ्यास केलेल्या माणसापाशी असतात, आणि असा माणूस संकटाच्या दुसऱ्या दिवशी तयार करता येत नाही. तो आधीच्या वीस वर्षांत, कोणाला उपयोग दिसत नसताना, तयार व्हावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, एका शास्त्राच्या गजाने दुसऱ्याला मोजू नये. प्रयोगशास्त्राचा पुरावा पुन्हा करून पाहता येतो; भूशास्त्राला एकदाच घडलेल्या घटनेच्या खुणा वाचाव्या लागतात; गणिताला सिद्धता लागते; इतिहासाला अस्सल कागद लागतो; समाजशास्त्राला माणसाचा विश्वास लागतो. कोणाचे काम तीन वर्षांत फळते, कोणाला सत्तेचाळीस वर्षे लागतात. वर्षाकाठी किती निबंध छापले याची मोजणी करून विद्वानांची प्रतवारी लावण्याचा जो प्रघात पडला आहे, तो या दृष्टीने घातक आहे. त्या मोजणीत सुखठणकर मागे पडले असते.

परंतु याचा अर्थ, विद्वान म्हणेल ते मानावे, असा मुळीच नाही. वाटा अनेक असल्या तरी नाक्यावरची तपासणी एकच आहे. कोणीही कसलाही शोध सांगितला, तर तीन प्रश्न विचारावे. हे तुम्हांला कशावरून कळले? तुमच्याखेरीज ते कोणी तपासून पाहिले? आणि काय आढळले असता तुम्ही आपले मत बदलाल? ज्यापाशी या तिहींची उत्तरे आहेत तो संशोधक, मग त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक असो की पोथी. ज्यापाशी नाहीत, त्याचे उपकरण कितीही चकचकीत असले तरी ते व्यर्थ होय.

नागरिकांकडूनही थोडे घडण्यासारखे आहे. इतिहासाचार्य राजवाडे दारोदार दप्तरे शोधीत हिंडले आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे बावीस खंड उभे राहिले. हे कागद कोठल्या सरकारी कपाटात नव्हते, घरोघरच्या माळ्यांवर होते. तेव्हा माळ्यावरचे मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी जाणत्याला दाखवावे. बारवेत केरकचरा टाकू नये. डागडुजी करताना कोरीव दगडाला रंग फासू नये. पाहणी करणारा विद्यार्थी दाराशी आला, तर त्याला खरे उत्तर द्यावे. आणि घरात कोणी वृद्ध आजी असेल, तर तिच्याजवळ बसून ती म्हणेल त्या ओव्या उतरून घ्याव्या. खाली तिचे नाव, गावाचे नाव आणि तारीख घालावी. एवढे झाले म्हणजे तो कागद उद्याच्या संशोधकाला पुरावा म्हणून वापरता येईल.