पन्नासाचे छप्पन

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली, कोणतेही उपनगर घ्या. दुचाकी दुरुस्त करणारी लहानशी गॅरेजे तेथे गल्लोगल्ली आढळतात. तेथे कधीतरी असे वाक्य कानावर पडते : “गाडी शंभरची आहे, पण आत किट टाकले आहे. आता सव्वाशे झाली!” ऐकणाऱ्याला वाटते, इंजिनच बदलले असणार. तसे नसते. इंजिनाची पेटी तीच, चौकट तीच, चाकेही तीच. इंजिनातले एक भोक तेवढे काही मिलिमीटरांनी मोठे झालेले असते.

एवढ्याशा फरकाने शंभराचे सव्वाशे कसे होतात? आणि होत असतील, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीलाच ते का सुचले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. दुसऱ्यासाठी मात्र इंजिनात जरा खोलवर उतरावे लागेल.

सिलिंडर म्हणजे आतून गुळगुळीत केलेले नळकांडे. त्यात दट्ट्या वरखाली सरकतो; गॅरेजात त्याला पिस्टन म्हणतात. नळकांड्याच्या आतल्या व्यासाला ‘बोअर’ हे नाव आहे. दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जितके अंतर कापतो त्याला ‘स्ट्रोक’ म्हणतात; आपण त्याला धाव म्हणू. या दोन मापांवरून जे घनफळ निघते तेच गाडीचे ‘सीसी’, म्हणजे घन सेंटिमीटर.

आपल्या रस्त्यांवर सर्वांत ओळखीची गाडी घेऊ. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर. या इंजिनाचा बोअर ५० मि.मी. आणि धाव ४९.५ मि.मी. त्रिज्या २५ मि.मी. म्हणून २५ × २५ × ३.१४१६ × ४९.५ हा गुणाकार करा. उत्तर येते सुमारे ९७,१९३ घन मिलिमीटर, म्हणजेच ९७.२ घन सेंटिमीटर. ‘शंभरची गाडी’ खरे तर शंभराला थोडी कमीच असते!

आता समजा, बोअर ५६ मि.मी. केला आणि धाव तशीच ठेवली. त्रिज्या २८ धरून तोच गुणाकार करा. उत्तर १२१.९ घन सेंटिमीटर. व्यास वाढला शेकडा १२, घनफळ मात्र शेकडा २५. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्याची ही करामत. धाव वाढवूनही घनफळ वाढेल. पण त्यासाठी क्रँक बदलावा लागतो आणि इंजिनाची सारी पेटी उकलावी लागते. म्हणून हौशी लोक व्यासाच्या मागे लागतात. किटमध्ये मोठ्या व्यासाचा सिलिंडर, त्याच्या मापाचा दट्ट्या, कड्या, पिन आणि गॅस्केट एवढेच सामान असते. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५० मि.मी. आणि धावही ५० मि.मी. होती. तिच्याच घराण्यातल्या आरएक्स १३५ ची धाव तीच, पण बोअर ५८ मि.मी. होता. तेव्हा शंभरच्या इंजिनावर १३५ चा सिलिंडर चढवण्याची युक्ती मेकॅनिकांना न सुचती तरच नवल!

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. जुन्या गाडीला ‘बोअर मारला’ असे म्हणतात ते वेगळे. घासून लंबवर्तुळाकार झालेला सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी तो पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी कातून त्या मापाचा दट्ट्या घालतात. सर्वसाधारणपणे हे एक मिलिमीटरपर्यंत चालते. आपल्या उदाहरणात ५० चे ५१ झाले तर घनफळ जेमतेम १०१ होईल. ती दुरुस्ती आहे. सहा मिलिमीटर म्हणजे इंजिनाचा मूळ हिशेबच बदलणे.

तो हिशेब कसा बदलतो ते पाहू. पेट्रोल पेटते तेव्हा ज्वलनकक्षातला दाब क्षणभर फार वाढतो. सोयीसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोग्रॅम धरू. जुन्या दट्ट्याचा माथा १९.६ चौरस सेंटिमीटरांचा. त्यावर पडणारा भार सुमारे ७८५ किलोग्रॅम. नव्या दट्ट्याचा माथा २४.६, भार सुमारे ९८५. हे जास्तीचे २०० किलोग्रॅम कोणी सोसायचे? कनेक्टिंग रॉड, क्रँक आणि बेअरिंग यांनी. ती तर जुनीच आहेत.

दुसरी गोष्ट संपीडन गुणोत्तराची. दट्ट्या खाली असताना वायूला मिळणारी जागा आणि वर असताना उरणारी जागा यांचे हे प्रमाण. ते ९ धरले तर ९७.२ घन सेंटिमीटरच्या इंजिनात वर उरणारी जागा १२.१५ घन सेंटिमीटर होते. ती तशीच राहिली आणि खालचे घनफळ १२१.९ झाले, तर गुणोत्तर ११ वर जाते. इतके दाबलेले मिश्रण साध्या पेट्रोलवर वेळेआधीच भडकू शकते आणि इंजिनातून खडे पडल्यासारखा खडखडाट येतो. चांगल्या किटमध्ये दट्ट्याच्या माथ्याला खळगा ठेवून याचा बंदोबस्त केलेला असतो. स्वस्त किटमध्ये तो असेलच असे नाही.

दट्ट्या मोठा झाला की जडही होतो. ‘वीस ग्रॅम वाढले तर काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असले, तर दट्ट्या सेकंदाला १३३ वेळा वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो. धावेच्या टोकाशी त्याचा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निदान १,७५० पट असतो. म्हणजे तेथे एक ग्रॅमचा भार पावणेदोन किलोग्रॅमसारखा वागतो आणि वीस ग्रॅमचा पस्तीस किलोग्रॅमसारखा! क्रँकवरचे तोलवजन मूळ दट्ट्याच्या वजनावरून ठरवलेले असते. तोल बिघडला की हँडलला आणि पायठेवणीला थरथर जाणवू लागते. ती नुसती गैरसोय नव्हे. बेअरिंगला रोज बसणारे ते ठोसे असतात.

पण खरी गोम आहे ती उष्णतेत. पेट्रोल शेकडा २५ जास्त जळले तर उष्णताही त्याच मानाने जास्त निघणार. ती बाहेर जाते सिलिंडरच्या भिंतीतून. भिंतीचे क्षेत्रफळ परिघाप्रमाणे, म्हणजे शेकडा १२ नेच वाढले. भिंतीबाहेर जी धातूची पाती असतात ती बहुधा तेवढीच राहतात. शिवाय ही पाती वाऱ्याने गार होतात आणि वारा गाडी पळाली तरच लागतो. सायंकाळी अंधेरीहून बोरिवलीकडे निघालेली गाडी पश्चिम द्रुतगती मार्गावर किती वेळ पळते आणि किती वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटते, हे उपनगरवासीयांना सांगायला नको.

तापल्यावर धातू प्रसरण पावतात. परंतु सारखे नाही. ५६ मि.मी. व्यासाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या दर १०० अंश सेल्सिअसला सुमारे ०.१२ मि.मी. फुगतो. तेवढ्याच व्यासाचे सिलिंडरचे लोखंडी अस्तर त्याच्या निम्म्यानेच फुगते. त्यातून दट्ट्या अस्तरापेक्षा जास्त तापलेला असतो. दोघांमधली फट मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांची, डोक्याच्या केसाहूनही बारीक असते. ती संपली की तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला घासतो आणि दट्ट्या सिलिंडरला धरतो. मेकॅनिक याला ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात. धावत्या गाडीत असे झाले तर मागचे चाक एकाएकी जखडते. मागून ट्रक येत असेल तर पुढचे सांगायला नको. क्लच तत्काळ दाबला तर चाक इंजिनापासून सुटते, पण ते सुचायला क्षणाचा वेळ हवा आणि तो नेहमी मिळतो असे नाही. म्हणूनच बोअर करणारा कारागीर ही फट किती ठेवतो, यात त्याची सारी कसोटी असते.

एवढे सोसून मिळते काय? सिग्नलवरून निघताना किंवा मागे माणूस बसवून उड्डाणपूल चढताना इंजिनाचा जोर खरोखरच वाढलेला जाणवतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. कमाल वेगाची गोष्ट निराळी. झडपा आणि कार्ब्युरेटर जुनेच असतील, तर जलद फिरणाऱ्या इंजिनाला पुरेसा श्वासच घेता येत नाही. बरे, शक्ती खरोखर शेकडा २५ वाढली असे धरले, तरी हवेचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १.०७७ चा घन करून पाहा; तो १.२५ च्या आसपास येईल. म्हणजे ताशी ८० किलोमीटरचे फार तर ८६ होतील. थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा मात्र शेकडा १६ वाढेल आणि स्प्लेंडरसारख्या गाडीचे ड्रम ब्रेक तेच १३० मि.मी. चे राहतील.

कायद्याचेही याकडे लक्ष आहे. इंजिनाचे घनफळ नोंदणीपत्रात लिहिलेले असते. मग ते अंधेरीचे ‘एमएच ०२’ असो, पूर्व उपनगरांसाठीचे ‘एमएच ०३’ असो की बोरिवलीचे ‘एमएच ४७’. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी नोंदीचा मेळ बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहेत.

मग कंपनीला का सुचले नाही, हा प्रश्न उरतो. सुचले होते की! त्याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच्या चाकणला घडले. बजाज ऑटोने २००१ साली पल्सर गाडी दोन रूपांत आणली. दोन्ही इंजिनांची धाव ५६.४ मि.मी. एकाचा बोअर ५७ मि.मी., दुसऱ्याचा ६३.५. घनफळे अनुक्रमे १४३.९ आणि १७८.६ घन सेंटिमीटर. शक्ती १२ आणि १५ अश्वशक्ती. घनफळ वाढले शेकडा २४, शक्ती शेकडा २५. वर्गाचा नियम येथे चोख उतरला. फरक इतकाच की, क्रँकचा तोल, इंधनाचे प्रमाण, दट्ट्याची फट हे सारे नव्या मापाने ठरवून, इंजिन चाचणीला लावून मगच गाडी विकायला काढणे कारखान्याला शक्य असते. गॅरेजातल्या किटला ही चाचणी तुमच्या खालीच, भर रस्त्यात द्यावी लागते.

पुढे २००७ साली तीच ५६.४ मि.मी. ची धाव ठेवून बोअर ६७ मि.मी. केलेली पल्सर २०० आली. तिचे घनफळ तुम्हीच काढा. ते १९९ च्या किंचित अलीकडे आले पाहिजे. या गाडीत मात्र नुसत्या पात्यांवर भागवले नव्हते. इंजिनाचे तेल थंड करण्यासाठी तिला वेगळी शीतक जाळी बसवलेली होती.