दोन माणसें, एक काम

चित्रकलेच्या तासाला ‘मास्तर, कशाचें चित्र काढूं?’ हा प्रश्न आम्हांस नेहमीं ऐकूं येतो. बहुतेक मुलें अखेरीस डोंगर, नदी व उगवता सूर्य काढून मोकळीं होतात. जें सुंदर म्हणून सर्वमान्य आहे तेंच चित्रास योग्य, अशी आपली समजूत असते. आज आम्ही वाचकांस अशा एका दांपत्याची ओळख करून देणार आहोंत, कीं ज्यानें पाण्याच्या टाक्या, लोखंड गाळण्याच्या झोतभट्ट्या आणि खाणींत पाळणे सोडण्याचे मनोरे ह्यांचीं छायाचित्रें घेण्यांत जवळजवळ पन्नास वर्षें वेंचिलीं.

बेर्न्ट बेखर ह्यांचा जन्म १९३१ सालीं जर्मनींतील झीगेन येथें झाला. हा प्रदेश लोखंडाच्या खाणींचा. त्यामुळें खाणी व भट्ट्या लहानपणापासूनच त्यांच्या परिचयाच्या होत्या. तरुणपणीं ते तेथील एका खाणीचें चित्र काढावयास बसले, तों खाण बंद होऊन तिची मोडतोड सुरू झालेली. हात जितका भरभर चालावा त्याहून भरभर समोरची इमारत नाहींशी होऊं लागली! तेव्हां निदान आठवण तरी राहावी म्हणून त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. हिला ह्यांचा जन्म १९३४ सालचा, पोट्सडाम येथील. छायाचित्रणाचें रीतसर शिक्षण त्यांनीं तेथेंच घेतलें होतें. उभयतांची ओळख ड्युसेलडॉर्फ शहरीं १९५७ मध्यें झाली. १९५९ मध्यें त्यांनीं एकत्र कामास आरंभ केला व १९६१ मध्यें तीं विवाहबद्ध झालीं.

तो काळ रूर प्रांतांतील कोळशाच्या धंद्यास उतरती कळा लागण्याचा होता. एकामागून एक खाणी बंद पडत होत्या व त्यांवरील इमारती भंगारांत जात होत्या. हें दांपत्य आपल्या मोटारींत अवजड कॅमेरा व शिडी घालून जर्मनी, बेल्जम, फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथें हिंडलें. त्यांचे नियम ठरलेले असत. आकाश ढगाळ असावें, म्हणजे गडद सावल्या पडत नाहींत. वस्तु समोरून व मध्यभागीं दिसावी. चित्र काळेंपांढरेंच असावें. आणि चित्रांत माणूस नसावा. ऊन पडलें तर थांबावयाचें!

ज्या कलेंत हाताच्या कौशल्यापेक्षां मूळ विचारास व त्या विचारांतून ठरविलेल्या नियमास अधिक महत्त्व असतें, तिला संकल्पनात्मक कला म्हणतात. बेखर दांपत्याची गणना त्या कलेंत होऊं लागली ती ह्या पद्धतीमुळें. एकाच जातीच्या वस्तूंचीं नऊ किंवा पंधरा छायाचित्रें तीं ओळींनीं एकत्र मांडीत. एकटी टाकी पाहून आपण पुढें जातों. परंतु पंधरा टाक्या शेजारीं शेजारीं पाहिल्या म्हणजे आपण थबकतों. एकीचें पोट गोल, तर दुसरीचें निमुळतें. एकीचे पाय लोखंडी सांगाड्याचे, तर दुसरी विटांच्या भक्कम बुरुजावर बसलेली! वनस्पतिशास्त्राच्या तासाला निरनिराळीं पानें टेबलावर मांडून आपण जें शिकतों, तेंच हें शिक्षण होय.

ह्या इमारती सौंदर्याकरितां कोणीं बांधल्या नव्हत्या, व त्यांच्या बांधणारांचीं नांवेंही कोणास ठाऊक नव्हतीं. म्हणून १९७० मध्यें निघालेल्या आपल्या पुस्तकास त्यांनीं ‘अनामिक शिल्पें’ असें नांव दिलें. पुढें १९९० मध्यें व्हेनिस येथील सुप्रसिद्ध प्रदर्शनांत त्यांच्या कामाला जें पारितोषिक मिळालें तें छायाचित्रणाचें नव्हे, तर शिल्पकलेचें!

कोणी विचारील, ‘ज्यांच्या घामानें ह्या भट्ट्या पेटल्या ते मजूर चित्रांत कोठें आहेत?’ हा आक्षेप आम्हांसही बोंचतो. धंदा बुडाला तेव्हां कितीएक घरांची मिळकत गेली. तें दुःख ह्या चित्रांत शोधून सापडत नाहीं. परंतु ज्या ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या लोक राबले, तें निरुपयोगी ठरून मोडींत निघत असतां ‘हें पाहण्यासारखें आहे’ असें म्हणणें, हाही त्या श्रमांचा एक प्रकारें मानच होय. आणि तो नुसता शब्दांचा मान नव्हता. डोर्टमुंड येथील त्सोलर्न खाणीचें यंत्रगृह पाडण्याचा बेत झाला, तेव्हां ज्यांनीं तें वांचविण्याची खटपट केली त्यांत हें दांपत्यही होतें. १९६९ मध्यें तें यंत्रगृह वांचलें, व आतां त्या ठिकाणीं संग्रहालय आहे.

आमच्या मतें सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. अमुक चित्र कोणीं घेतलें हें तीं दोघें सांगत नसत. प्रत्येक चित्र दोघांचें. १९७६ मध्यें ड्युसेलडॉर्फच्या कलाशाळेंत अध्यापकाची जागा एकट्या बेर्न्ट ह्यांस मिळाली, तरी विद्यार्थ्यांच्या शिक्षणांत हिला ह्यांचाही मोठा वांटा होता. त्या विद्यार्थ्यांपैकीं आंद्रेआस गुर्स्की, कांडिडा ह्योफर, थोमास श्ट्रूट प्रभृति पुढें जगप्रसिद्ध झाले. बेर्न्ट २००७ मध्यें निवर्तले व हिला २०१५ मध्यें.

आपलें नांव पहिलें यावें असें प्रत्येक मुलास वाटतें, आणि पालकांस तर त्याहूनही अधिक वाटतें. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ‘ह्यांत माझें किती?’ हा हिशेब बाजूस ठेवल्यावर केवढें काम होऊं शकतें, हेंही मुलांच्या कानांवर घालावें अशी पालकांस आमची विनंति आहे. आणि पुढील तासाला ‘कशाचें चित्र काढूं?’ असें कोणीं विचारलें, तर आम्ही त्याला प्रथम खिडकीबाहेर पाहावयास सांगूं.