बेल वाजली की बंड्या का पेटतो?

आमचा बंड्या अस्सल गावठी कुत्रा, वय वर्षं ४. दाराची बेल वाजली की बिल्डिंग डोक्यावर घ्यायचा. आमचं निदान ठरलेलं: लाडावलाय! शेवटी श्वान-वर्तनतज्ज्ञ ताईंना घरीच बोलावलं. मैदानात किंवा दवाखान्यात कुत्रा घरच्यासारखा वागतच नाही ना!

त्यांची पहिली अट, आधी व्हेटकडून तपासणी. कान, दात, सांधे दुखत असले तरी कुत्रा अंगावर येतो. घरी आल्यावर बंड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तासभर आम्हालाच प्रश्न: किती झोपतो, जेवताना जवळ कोण जातं, एकटा असताना काय करतो? (याचा व्हिडिओ आधीच मागवला होता.)

मग लक्ष गेलं त्याच्या गादीकडे. ती मुख्य दाराला चिकटून! लिफ्टचा खडखडाट, जिन्यातली पावलं... बिचारा दिवसभर वॉचमनच्या ड्युटीवर.

ताईंनी बेल वाजवली तेव्हा त्याने ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली. आम्ही त्या जांभईला हसायचो. तो ताण होता. नॉर्वेच्या तुरिद रुगास यांनी अशा खुणांना 'कामिंग सिग्नल्स' म्हटलंय. शेपटी हलतेय म्हणजे खूश, हेही दरवेळी खरं नाही. आणि गुरगुरण्यावर ओरडू नका. ती धोक्याची सूचना असते; दाबली तर कुत्रा पुढे न सांगता चावू शकतो.

गादी आतल्या खोलीत गेली. बेलचा आवाज मोबाइलवर हळू लावायचा, लगेच चिकनचा तुकडा. आता दोनदा भुंकून आमच्याकडे बघतो.

पहिल्याच भेटीत तुमच्या तज्ज्ञांनी गळा आवळणारी चोक चेन काढली, तर त्यांना चहा पाजून निरोप द्या.