वाळीत टाकणं: गावात काय समजतात, कायदा काय म्हणतो

“वाळीत कुठं टाकलंय? त्यांच्याकडं कुणी जात नाही, एवढंच.” गावकीच्या बैठकीनंतर विचारलं की हे उत्तर हमखास मिळतं. लेखी ठराव नाही म्हणजे बहिष्कार नाही, हा सगळ्यांत सोयीचा गैरसमज. महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याला कागद लागत नाही. तोंडी फर्मानही त्यात येतं. बहिष्कार चालतोही तसाच. गिरणीवाला दळण परत करतो, लग्नाची पत्रिका येत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी फिरकत नाही. बोलेल त्याला दंड, म्हणून शेजारीणही नजर चुकवते.

हे फक्त सवर्ण दलितांना करतात, असंही अनेकांना वाटतं. तेही होतंच, आणि तिथं ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो. पण जातपंचायत आपल्याच माणसाला बाहेर काढते, बऱ्याचदा आंतरजातीय लग्नावरून, तेव्हा आरोपी आणि पीडित एकाच जातीचे असतात. तिथं ॲट्रॉसिटीचा उपयोग नव्हता. २०१६ साली विधिमंडळाने नवा कायदा केला तो मुख्यतः यासाठी.

“हा आमच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न,” असं म्हणणाऱ्यांच्या हाती एक जुना निकाल आहे खरा. मुंबई प्रांताचा १९४९चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. पण ते प्रकरण दाऊदी बोहरांच्या सैयदनांचं, म्हणजे धर्मगुरूंच्या अधिकाराचं होतं. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. लग्नावरून दंड वसूल करणाऱ्या पंचांनी त्याचा आडोसा घेणं म्हणजे निव्वळ चलाखी.

पंचांनी पैसे घेऊन जातीत परत घेतलं की मिटलं? नाही. तडजोडीला पीडिताची संमती हवी आणि न्यायालयाची परवानगीही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनी टाळाटाळ केली तर पीडित किंवा घरचं माणूस थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही. जामिनावर सुटलेला पंच त्याच गावात परततो, आणि साक्षीदारही त्याच गावचे असतात. माझ्या मते कायद्याची खरी कमजोरी इथंच आहे.