सोवळ्यापलीकडचे पावित्र्य

ख्रिस्ती पावित्र्यावरचे मराठी लेखन मांडायचे तर 1616 सालच्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. त्याच्या कर्त्या फादर स्टीफन्सवर पुष्कळांनी लिहिले आहे, मी तिथे थांबत नाही. बाबा पदमनजींच्या पिढीची वादपर पुस्तकेही ओलांडतो. त्यांचा रोख वेगळा होता. माझा जीव गुंतला आहे तो लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्यात.

लक्ष्मीबाई कडकडीत सोवळ्याच्या घरात वाढल्या. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांच्या पतीचा, टिळकांचा, बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे सोडले नव्हते. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला. उत्तर सापडताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. यापोच्या गच्चीवर पेत्राला, देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नकोस, असा दृष्टान्त झाला आणि तो परजातीय कर्नेल्याचा उंबरा ओलांडून आत गेला. प्रेषितांच्या कृत्यांतल्या त्या दहाव्या अध्यायावर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातल्या या पानांइतके जिवंत भाष्य मी मराठीत दुसरे वाचलेले नाही. ख्रिस्ताने कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा विटाळ ख्रिस्ताकडे आला नाही, आरोग्य त्या माणसाकडे गेले. पावित्र्य असे बाहेर वाहते.

रमाबाईंचे नाव निघाले की आमच्यातले काही विद्वान जून 1905 मधले केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधले संजीवन तेवढे सांगतात: रडणे, पापांची कबुली, अग्नीचा बाप्तिस्मा. ते घडले, आणि ते थोर होते. 1898 साली इंग्लंडमधल्या केसिकच्या मेळाव्यात बाई बोलल्या, तिथल्या पवित्रीकरणाच्या शिकवणीशी त्यांचे नाते होते, हेही खरे. पण त्याआधी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी उपाशी, आजारी मुली उचलून आणल्या होत्या, त्यांना न्हाऊ-खाऊ घातले, अक्षर आणि हाताला काम दिले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले त्यांचे मराठी बायबल 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ही सेवा वेगळी काढून नुसते संजीवन सांगणाऱ्यांशी माझे भांडण जुने आहे.

त्या भांडणात माझा आधार लेवीय 19. पवित्र होण्याची आज्ञा त्या अध्यायाच्या तोंडाशीच आहे. आणि पुढे काय येते? शेताचा कडेकोपरा गरिबासाठी राखा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, परक्यावर आपल्यासारखी प्रीती करा, वजनेमापे खरी ठेवा. शरीराच्या शुद्धतेचे नियमही तिथे आहेत, मी ते नाकारत नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना त्याविषयी स्पष्ट लिहिले आहे. पण मजुरी सोडून नुसते शरीर घेतले की शास्त्र अर्धेच उरते.

आज तेच चालले आहे. मी बेंगळुरूत राहतो. भारतीय बायबल सोसायटीचे मुख्यालय इथेच महात्मा गांधी मार्गावर आहे, 1910 पासूनचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज इथे आहे, शास्त्राची वाण नाही. तरी प्रार्थनासभेत पावित्र्यावर संदेश ऐकावा तर सिनेमा, दागिने, पोशाख यांचीच यादी. घरकामाच्या बाईचा पगार कधी दिला, हे कोणी विचारत नाही. आणि सोयरीक ठरवताना बाप्तिस्म्याआधीची जात हळूच विचारली जाते. जे सोवळे लक्ष्मीबाईंनी एवढ्या झुंजीनंतर टाकले, ते आपण दुसऱ्या दाराने घरात घेतले आहे. मला याची लाज वाटते.

पाळकांना माझी विनंती आहे. येत्या कापणीच्या सणाला वेदीवरून लेवीय 19 पूर्ण वाचा, मजुरीचे वचन न गाळता, आणि संदेश त्याच वचनावर द्या.