घरचा संगणक मंदावला? आधी आत काय चालले आहे ते पाहा

संगणक सुरू केला, चहा पिऊन झाला, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे, अशी तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. पोटाला चिमटा काढून मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेले हे यंत्र. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली असताना ते अडून बसले, तर नुकसान मुलांचे होते. दुकानात नेले की सल्ला ठरलेला : फॉरमॅट मारा, नाहीतर नवा घ्या. आमचे म्हणणे एवढेच, की खिशात हात घालण्यापूर्वी आत काय चालले आहे ते स्वतः पाहावे.

आपण एकच काम करीत असलो तरी संगणकात आपल्या नकळत कितीतरी कामे चालू असतात. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. रकान्याच्या नावावर क्लिक केले, की जास्त भार टाकणारे नाव वर येते.

तिथे ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसले तर घाबरू नका. तो व्हायरस शोधणारा डिफेंडर आहे. विंडोज अपडेट किंवा सर्च इंडेक्सर दिसला, तर त्याला काम संपवू द्या. बरेच दिवस बंद असलेला संगणक उघडला, की ही साचलेली कामे एकदम सुरू होतात. म्हणून अर्ज भरायच्या आदल्या दिवशीच तो काही तास चालू ठेवावा. ‘सर्व्हिस होस्ट’च्या अनेक ओळी दिसतील. त्या विंडोजच्याच सेवा आहेत, बळेच बंद करू नयेत.

बंद करायचे ते निराळेच. ‘स्टार्टअप’ या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. गाणी, गेम, गप्पांचे प्रोग्रॅम तिथे ‘डिसेबल’ करा. ते पुसले जात नाहीत, हवे तेव्हा उघडता येतात. अँटीव्हायरसला मात्र हात लावू नका. पण दोन अँटीव्हायरस असतील तर एकच ठेवा.

इतके करूनही डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ राहिला आणि आत जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असली, तर तिच्या जागी एसएसडी बसवून पाहावी. मेमरी कायम भरलेली असेल तर रॅम वाढवता येईल का, ते विचारावे. नव्या संगणकापेक्षा हा खर्च बराच कमी असतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. हा प्रश्न सुरक्षेचा आहे. त्यामुळे संगणक मंदावत नाही.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय. त्याआधी स्कॅन केलेले दाखले, गुणपत्रिका आणि घरचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि ते उघडतात की नाही हे दुसऱ्या संगणकावर तपासा. घरातल्या मुलामुलींनी हे सारे एकदा स्वतः करून पाहावे आणि शेजारच्या घरीही दाखवावे.