पदकाआधीची परीक्षा

टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये विनोद कुमार यांनी एफ-५२ गटात १९.९१ मीटर थाळी फेकली आणि कांस्यपदक पटकावले. दुसऱ्याच दिवशी ते हातचे गेले. उत्तेजक द्रव्य घेतले म्हणून नव्हे, तर तपासणी मंडळाला त्यांचा गटच निश्चित करता आला नाही म्हणून! ज्या गटावर पदक टिकते वा जाते, तो ठरतो कसा?

कुस्तीत मल्लांची वजनानुसार विभागणी होते. दिव्यांगांच्या खेळात ती हालचालीच्या मर्यादेनुसार होते. फरक इतकाच, की वजन काट्यावर कळते. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, धडाचा तोल मात्र तज्ज्ञांना हात लावून, करून घेऊन तपासावा लागतो. आधी खेळाडूचे अपंगत्व मान्य प्रकारांत बसते का, मग ते त्या खेळात अडसर ठरण्याइतके आहे का आणि शेवटी गट कोणता, अशा तीन पायऱ्या असतात. गरज पडल्यास प्रत्यक्ष स्पर्धेतही निरीक्षण होते. म्हणूनच एकाच खेळाडूचा गट पोहण्यात एक आणि धावण्यात दुसरा असू शकतो. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरसह रौप्यपदक मिळवले, ते एफ-४६ या गटात. एका हाताला अपंगत्व असलेले खेळाडू या गटात खेळतात.

व्हीलचेअर नृत्याच्या स्पर्धांतही हेच तत्त्व आहे. खुर्चीतील नर्तकांचे दोन वर्ग असतात. ज्यांचे धड आणि हातांवरील नियंत्रण कमी, ते पहिल्या वर्गात. जोडीतील दोघेही खुर्चीत असू शकतात किंवा एक खुर्चीत आणि दुसरा उभा. हा प्रकार अद्याप पॅरालिम्पिकमध्ये मात्र नाही.

सराव करणाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी दोन गोष्टी विसरू नयेत. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. उन्हाळ्यात सावली, पाणी आणि ओला पंचा जवळ हवाच. दुसरे, इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर घट्ट पट्टा किंवा भरलेले मूत्राशय एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो. अशा वेळी रुग्णाला आडवे करू नका. ताठ बसवा, पट्टे सैल करा, मूत्राशय रिकामे होईल असे पाहा आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवा. काही खेळाडू कामगिरी उंचावण्यासाठी रक्तदाब मुद्दाम असा चढवतात. ते जिवावर बेतू शकते आणि त्यावर बंदीही आहे.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले लष्करातील मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर पुढे उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. गट ठरवणे तज्ज्ञांचे काम. पण तलावाला उतार, नृत्यवर्गाला रुंद दार आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह देणे, हे आपल्याच हातात आहे. त्यासाठी कुठल्याही तपासणी मंडळाची वाट पाहावी लागत नाही.